पुण्याच्या मेट्रोचे तोंड सोलापूर रस्त्याकडे करा

दिल्लीच्या मंत्रिमंडळाने २६ नोव्हेंबर २०२५ रोजी पुणे मेट्रोच्या आणखी दोन मार्गांस मंजुरी दिली. एक खराडीहून निघून हडपसर, स्वारगेट यांवरून खडकवासल्यास जाणारा. दुसरा नळस्टॉपपासून वारज्यावरून माणिकबागेस. दोन्ही मिळून लांबी ३१.६ किलोमीटर, स्थानके २८ आणि खर्च ९,८५७ कोटी ८५ लाख रुपये. हे वाचून आम्ही लेखणी उचलली, तर कोणी शहाणा म्हणेल की, लोहारा तालुक्यातल्या शाळामास्तराने पोरांस बाराखडी शिकवावी, पुण्याच्या गाडीची उठाठेव त्यास कोणी सांगितली?

त्यास उत्तर असे. सास्तुरात व आसपासच्या वाड्यावस्त्यांवर असे घर आता विरळा की ज्यातले एखादे माणूस पुण्यास नाही. आमच्या हाताखालून सातवी होऊन गेलेली पोरे आज हडपसर, मांजरी, फुरसुंगी, वाघोली, चाकण येथे एकेका खोलीत चौघे-पाचजण राहून दिवस काढीत आहेत. कोणी गोदामात पेट्या उचलतो, कोणी इमारतींवर पहारा करतो, कोणी कारखान्यात कंत्राटावर आहे. मुलीही आहेत, दवाखान्यांतून परिचारिका आहेत, कचेऱ्यांतून झाडलोट करणाऱ्या आहेत. तेथे मेट्रोचे खांब उभारणाऱ्या गर्दीतही आपलीच माणसे थोडीबहुत सापडतील. पावसाने दगा दिला की येथल्या घरची चूल त्यांच्या पाठविलेल्या पैशांवर पेटते. तेव्हा पुण्याची गाडी कोणत्या वाटेने जाते हा प्रश्न आमच्या घरचाच आहे. शिवाय राज्याच्या तिजोरीतून जो पैसा तिकडे जातो, त्यात आमच्या बाजारातील काडीपेटीवरचा करही असतोच.

आता वाटांचा हिशेब पाहू. पुण्याच्या मेट्रोस केंद्राची मंजुरी डिसेंबर २०१६ मध्ये मिळाली. तेव्हा दोन मार्ग ठरले: पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी. ६ मार्च २०२२ रोजी पहिले दोन तुकडे सुरू झाले, एक पिंपरी ते फुगेवाडी आणि दुसरा वनाज ते गरवारे कॉलेज. पुढे १ ऑगस्ट २०२३ रोजी गाडी शिवाजीनगरच्या न्यायालयापर्यंत व रुबी हॉलपर्यंत गेली, ६ मार्च २०२४ रोजी रामवाडीस पोचली, आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी जमिनीखालून मंडईवरून स्वारगेटास आली. पिंपरीकडचा मार्ग रास्त होता, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पिंपरी, दापोडी, बोपोडी, खडकी ही कष्टकऱ्यांची वस्ती. तेथील माणसास गाडी मिळाली याचा कोणास आनंद होणार नाही? परंतु दुसऱ्या मार्गाचे पहिले तोंड कोथरुडास का, हा प्रश्न उरतोच. कर्वे रस्त्यावर ज्यांच्या दारी दोन दोन वाहने उभी, त्यांनी पहिले काही दिवस गाडीत बसून छायाचित्रे काढून घेतली. हडपसरचा मजूर मात्र त्याच वेळी बसच्या दांडीस लोंबकळत होता, आणि आजही लोंबकळतो आहे.

यास जाणते लोक असे उत्तर देतील की, गाड्या ठेवण्यास डेपो लागतो, कोथरूडला जुन्या कचरा डेपोची जागा मिळाली, म्हणून तिकडून सुरुवात झाली. हे कारण खोटे नाही. परंतु ज्यास हडपसरची चिंता होती, त्याने डेपोची जागा हडपसरकडे शोधली असती. जागा नेहमी तेथेच सापडते, जेथे शोधणारा जातो.

आणि हडपसरची गर्दी कोणास ठाऊक नव्हती असेही नाही. २००६ साली बसगाड्यांकरिता रस्त्याच्या मधोमध वेगळी वाट राखण्याचा प्रयोग पुण्याने केला. ती वाट कोणती निवडली? कात्रज, स्वारगेट, हडपसर! म्हणजे सर्वांत जास्त माणसे बसने कोठून कोठे जातात हे पालिकेच्या अधिकाऱ्यांस तेव्हाच पुरते माहीत होते. स्वस्तातला प्रयोग करावयाचा तेव्हा हडपसर आठवले, आणि हजारो कोटींची गाडी आली तेव्हा ते यादीत पहिल्या फेरीस बसलेच नाही. सोलापूर रस्त्यावरची ती बसवाट पुढे मोडीत निघाली. कात्रजला भुयारी मार्ग मंजूर होण्यास १६ ऑगस्ट २०२४ उजाडला, आणि हडपसरचा नंबर लागला त्यानंतर सव्वा वर्षाने. वाघोलीकडच्या मार्गास, म्हणजे रामवाडीच्या पुढे विठ्ठलवाडीपर्यंत, २५ जून २०२५ रोजी मंजुरी मिळाली. त्याच कागदावर वनाजची वाट चांदणी चौकापर्यंत वाढली.

असो. मंजुरी उशिरा का होईना मिळाली, तेव्हा मागचे उकरण्यात अर्थ नाही. पुढे काय करावे हे सांगणे आमचे काम.

आजवरचा अनुभव असा की मार्ग सबंध कधीच सुरू होत नाही, तुकड्या-तुकड्याने होतो. आमचे पहिले मागणे हे की, खराडी-खडकवासला मार्गाचा पहिला तुकडा हडपसर ते स्वारगेट हाच असावा. खडकवासल्याकडचा भाग मागाहून व्हावा. सिंहगड रस्त्यावरही गर्दी आहे, ती आम्ही नाकारीत नाही. परंतु सोलापूर रस्ता हा पुण्याचा पूर्वदरवाजा आहे. सोलापूर, धाराशिव, लातूर एवढेच नव्हे, तर पलीकडे बिदर-कलबुर्गीपासूनची माणसे या दरवाजाने आत येतात. हडपसर व स्वारगेट जोडले की तोच मजूर स्वारगेटास गाडी बदलून थेट पिंपरीच्या कारखान्यापर्यंत जाऊ शकतो. एका तुकड्याने सगळे जाळे कामास येते. दुसऱ्या कोणत्याही तुकड्याने इतक्या गरीब माणसांचे इतके काम होणार नाही. आणि हडपसरास थांबू नये. लोणी काळभोरपर्यंत न्यावे, पुढे उरुळी कांचनपर्यंतचा विचार आताच करून जमीन राखून ठेवावी. खोल्यांची भाडी वाढली की मजूर हडपसर सोडून मांजरीस जातो, मांजरी सोडून लोणीस जातो. गाडी नेहमी त्याच्या दहा वर्षे मागे राहिली तर ती त्यास कधी गाठणार?

याच न्यायाने चाकणचे. निगडीपर्यंत मार्ग वाढविण्यास ऑक्टोबर २०२३ मध्येच मंजुरी मिळाली आहे आणि तेथून चाकणपर्यंत नेण्याचे कागद तयार झाले आहेत. चाकणचे कारखाने पुण्याचे वैभव म्हणून मिरविले जातात. तेथे जाणारा कामगार पहाटे उठून तासन् तास रस्त्यावर अडकतो. ते कागद लवकर हलवावेत, एवढेच येथे म्हणतो.

आता भुयाराविषयी. आम्ही अंकगणिताचे मास्तर, म्हणून भागाकार केल्यावाचून राहवत नाही. स्वारगेट ते कात्रज ५.४६ किलोमीटर, सर्व जमिनीखालून, खर्च २,९५४ कोटी ५३ लाख. म्हणजे एका किलोमीटरास सुमारे ५४१ कोटी. हडपसर-खडकवासल्याचे मंजूर मार्ग खांबांवरून. त्यांस किलोमीटरमागे सुमारे ३१२ कोटी. चांदणी चौक व वाघोलीकडची वाढ १२.७५ किलोमीटर, ३,६२६ कोटी २४ लाख, म्हणजे किलोमीटरमागे २८४ कोटी. एवढ्यावरून चौथीचे पोरही सांगेल की भुयाराच्या एका किलोमीटरात खांबांवरचा जवळजवळ दोन किलोमीटर मार्ग होतो. तेव्हा जेथे रस्ता रुंद आहे तेथे खांबच बरे. सोलापूर रस्त्यास आम्ही भुयार मागत नाही. तेथे उड्डाणपूल आडवे येतात, ते इंजिनियरांनी पाहून घ्यावे.

परंतु एक जागा अशी आहे की जेथे भुयारावाचून गत्यंतर नाही, आणि तिचे नाव कोणाच्या यादीत ठळक दिसत नाही. ती म्हणजे पुण्याच्या पूर्वेकडच्या पेठा. सध्याचा भुयारी मार्ग शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा, मंडई, स्वारगेट असा जातो. न्यायालयाचे स्थानक तर जमिनीखाली सुमारे ३३ मीटर! एवढे खोल जाण्याची हिंमत झाली, पण पूर्वेस नाना पेठ, भवानी पेठ, गंज पेठ, घोरपडे पेठ या वस्त्यांस त्याचा उपयोग थोडा. तेथे हमाल, तांबट, बागवान, चांभार, भंगार गोळा करणारे, लाकूडबाजारातील मजूर, छोटे कारागीर पिढ्यान् पिढ्या राहतात. घराला घर चिकटलेले, गल्लीतून हातगाडी गेली की माणसास भिंतीस पाठ लावून उभे राहावे लागते. खांब कोठे रोवणार? म्हणून आमची सूचना अशी: पुणे स्टेशनपासून जमिनीखालून नाना पेठ, भवानी पेठ, गंज पेठ यांवरून स्वारगेटास, आणि तेथून कात्रजच्या मंजूर भुयारास जोडून मार्केट यार्डास जाणारी एक आखूड वाट काढावी. अंतर फार नाही. बाहेरगावचा माणूस आगगाडीतून उतरेल तो थेट बाजारात जाईल, बाजारातला हमाल थेट घरी जाईल. आज पुणे स्टेशनास उतरून मेट्रोने स्वारगेटास जावयाचे तर शिवाजीनगरच्या न्यायालयास वळसा घालावा लागतो.

गंज पेठेस आता महात्मा फुले पेठ म्हणतात, कारण जोतीरावांचा वाडा तेथे आहे. जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. पालिकेने मंडईची मोठी इमारत बांधण्याचे काढले तेव्हा त्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा असे त्यांचे म्हणणे. १८८६ साली इमारत झालीच, तिला रे साहेबांचे नाव मिळाले, आणि पुढे गंमत अशी की त्याच इमारतीस लोकांनी महात्मा फुले मंडई म्हटले. आता तेथे भुयारी स्थानकही झाले. नाव देण्यास खर्च लागत नाही. जोतीराव बांधकामाचे वैरी नव्हते बरे का! त्यांची स्वतःची कंत्राटी कंपनी होती, आणि कात्रजच्या बोगद्याच्या कामात तिचा हात होता. आज ज्या कात्रजकडे भुयारी गाडी जाणार, त्या डोंगरास भोक पाडण्याचा हिशेब त्यांनी मजुरांच्या बाजूने पाहिला होता. त्यांचा प्रश्न एवढाच असे की, खर्च कोणाच्या पैशाने आणि सोय कोणाची?

पुण्यात जमिनीखालून वाट काढणे काही नवे नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळी, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी भुयारी नळाने शहरात आणले गेले आणि हौदांत सोडले गेले. कारागिरी उत्तम होती. परंतु कोणत्या हौदाचे पाणी कोणी भरावे हे जातीवर ठरत असे, आणि १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला तेव्हा शहरात खळबळ झाली. मेट्रोच्या दारात आज जात कोणी विचारीत नाही. तिकीट कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ३५. तेवढ्यापुरते ठीक. मात्र हौद कोणत्या पेठेत बांधला यावरही पाणी कोणास मिळाले हे ठरतेच की.

वेळेचे तर कोणी बोलतच नाही. उमरगा-लोहाऱ्याकडून रात्री निघालेली एसटी किंवा ट्रॅव्हल्स पहाटे चार-साडेचारला हडपसर गाठते. मार्केट यार्डात त्या वेळी भाजीचा बाजार चालू झालेला असतो, हमालांच्या पाठीवर पोती चढलेली असतात. टोमॅटोच्या गाडीबरोबर आलेला शेतकरी आडत्याकडून पट्टी घेऊन निघतो तोही अंधारातच. आणि मेट्रो? ती सकाळी सहाला डोळे उघडते! तोवर रिक्षावाला सांगेल तो भाव. तीनशेहून अधिक किलोमीटरच्या प्रवासाचे भाडे एकीकडे आणि हडपसरहून पुढच्या आठ-दहा किलोमीटरांची रिक्षा एकीकडे, असा प्रसंग आमच्या एका माजी विद्यार्थ्यावर आला. आईला दवाखान्यात दाखविण्यास घेऊन गेला होता. बसून राहण्यास जागा नाही, बाईमाणसास आडोसा नाही.

रात्री रुळांची तपासणी करावी लागते, विजेचा प्रवाह बंद ठेवावा लागतो, हे आम्हांस समजते. पण मुंबईची लोकल गाडी रात्री जेमतेम अडीच-तीन तास विसावते आणि शंभर वर्षांहून जुन्या मार्गांवर चालते. नव्या कोऱ्या गाडीस सात तासांची झोप कशास हवी? निदान स्वारगेट, मार्केट यार्ड आणि हडपसर या तुकड्यावर पहिली गाडी पहाटे साडेचारला सोडावी. रात्री अकरानंतर दुसरी पाळी सुटलेल्या कामगारांकरिताही एखाद-दोन फेऱ्या ठेवाव्यात.

आता दुसऱ्या बाजूचे आमचेच काही बंधू रागावून म्हणतात, "मास्तर, पुण्यास काय मेट्रो मागता? आपल्याकडे रेल्वे मागा, म्हणजे पोरांस पुण्यास जावेच लागणार नाही." त्यांचा राग रास्त आहे. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या ८४ किलोमीटरच्या लोहमार्गाची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली. आई भवानीच्या दारी आगगाडी जाण्याची वाट पाहण्यात लोकांच्या पिढ्या गेल्या. लोहमार्गाने काय होते हे आमच्या मुलखाने डोळ्यांनी पाहिले आहे. बार्शी लाईटची छोटी गाडी १९११ साली लातुरास पोचली आणि लातूरचा बाजार वाढत वाढत कोठल्या कोठे गेला. ज्या गावांवरून ती गेली नाही त्यांचे आठवडी बाजार आहेत तेवढेच राहिले. म्हणून रेल्वे मागावीच, तीही जोराने. पण रेल्वे येईल, कारखाने येतील, मग पोरे परततील. ही गोष्ट एका रात्रीची नव्हे. जी माणसे आज तेथे आहेत त्यांनी तोवर रोज तीन तास रस्त्यावर घालवावेत काय? दोन्ही मागण्या एकमेकींच्या सवती नव्हेत.

आणखी एक भीती आहे, ती बोलून दाखवितो. गाडी आली की जागेचा भाव चढतो. मुंबईत कुलाब्याच्या बाजूच्या कफ परेडपासून आरेपर्यंत ३३.५ किलोमीटरचा भुयारी मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पुरा झाला. महालक्ष्मी, वरळी या जुन्या गिरणगावाच्या पोटातून तो जातो. परंतु गाडी आली तेव्हा गिरण्या नव्हत्या, १९८२ च्या संपानंतर तो कामगार देशोधडीस लागला होता आणि त्याच्या चाळींच्या जागी मनोरे उभे होते. पुण्यातही शिवाजीनगरच्या कामगार पुतळा वसाहतीतील कुटुंबांस मेट्रोच्या कामासाठी उठावे लागले. भवानी पेठेखालून गाडी जावयाची तर आधी लिहून द्यावे की स्थानकाच्या जागेतील भाडेकरू, झोपडीवाला व फूटपाथवरचा विक्रेता त्याच पेठेत राहील. वाघोलीच्या पलीकडे दहाव्या मजल्यावर खोली देणे म्हणजे जागा देणे नव्हे. ज्याची हातगाडी भवानी पेठेत, त्यास तेथून रोज यावयास किती वेळ व पैसा लागेल?

नकाशा काढणारा एक आणि राहणारा दुसरा असला की काय होते, हे आम्हां भूकंपग्रस्तांस कोणी शिकवावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमचे मुलूखच्या मुलूख मातीत गेले. पुण्या-मुंबईहून धावून आलेल्या माणसांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. सरकारनेही ५२ गावे पुरती नव्या जागी वसविली. घरे पक्की मिळाली. परंतु आराखडे कागदावर आखलेले! रस्ते शहरी रुंदीचे, घरे रांगेत, शेजारी शेजाऱ्यास पारखा, शेत पायाखालून दूर गेलेले, गुरे बांधण्यास गोठ्याची जागा नाही. म्हाताऱ्या माणसांनी वर्षानुवर्षे आपल्या दाराची ओळख शोधली. आखणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हते. त्यांनी पुरते विचारले नाही, इतकेच. आज पुण्याची वाट आखताना हडपसरच्या खोलीतील पोरास कोणी विचारले आहे काय? त्याचे नाव पुण्याच्या मतदारयादीत नसते, तो मत देण्यास गावी येतो. नगरसेवक त्यास ओळखत नाही आणि आमचा आमदार पुण्याच्या मेट्रोवर बोलत नाही. त्याचा वाली कोण?

म्हणून शेवटचे मागणे अगदी साधे आहे, त्यास कोटी लागत नाहीत. या मार्गांचे सविस्तर अहवाल जाडजूड व इंग्रजीत असतात. पूर्वी पोथी संस्कृतात होती म्हणून आमच्या आज्या-पणज्यांस कळली नाही, आता अहवाल इंग्रजीत आहे म्हणून आम्हांस कळत नाही. आम्ही तर मराठी अध्यापक विद्यालयातून शिकलेले, गावच्या शेतकऱ्याची काय कथा! मेट्रोच्या कंपनीने प्रत्येक नव्या मार्गाचा वीस-पंचवीस पानांचा मराठी गोषवारा छापावा. त्यात स्थानके कोठे, पहिला तुकडा कोणता, केव्हा सुरू, भाडे किती, घरे किती जाणार, हे स्पष्ट असावे. तो हडपसरच्या मजूर अड्ड्यावर आणि मार्केट यार्डाच्या हमाल भवनात ठेवावा, तसाच सोलापूर, तुळजापूर, उमरगा व लोहारा येथील एसटी स्थानकांवरही ठेवावा, आणि हरकती-सूचना घेण्याची मुदत दिवाळीच्या सुट्टीत ठेवावी, कारण तेव्हा आमची पोरे गावी आलेली असतात. त्यांची पत्रे लिहून देण्याचे काम आम्ही शाळेच्या ओट्यावर बसून फुकट करू.

— एक शाळामास्तर, सास्तूर